गुडघ्यातलं पाणी

"गुडघ्यात पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझी वाटी दोन बोटांनी दाबून दाखवली. ती आत गेली आणि परत वर आली, जणू खाली काहीतरी तरंगत होतं.

शेजारी आमचे हे उभे होते. ते म्हणाले, "सारं अहमदपूर टँकरची वाट बघून राहिलंय, आन् पाणी झालं ते हिच्या गुडघ्यात." डॉक्टर हसले. मला हसू येईना. नाशिकचा प्रवास आठवड्यावर आला होता आणि मला नांदेडच्या त्या दवाखान्यात टेबलावरून खालीही उतरता येत नव्हतं.

मी अहमदपूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्याआधी आमच्या मुली निवडीसाठी उस्मानाबादला जायच्या आणि बहुतेक वेळा तशाच परत यायच्या. आता नव्या जिल्ह्याचा स्वतःचा खो-खो संघ नाशिकला राज्य स्पर्धेला जाणार होता आणि त्यात निम्म्याहून जास्त मुली आमच्या शाळेच्या होत्या. बरोबर जाणारी बाईमाणूस मी एकटी. कर्णधार सुमनचे वडील बसप्पा यांचं किराणा दुकान होतं. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, तुमी हायेत म्हणून पोरीला धाडून राहिलो. तुमी न्हाई तर ती बी न्हाई." बाकीच्या घरांतही हेच बोललं जात होतं.

त्या वर्षी मैदानावर मारायला पाणी नव्हतं. जमीन तापून दगड झाली होती. मुलींना खांबावरून वळायचं कसं ते दाखवताना माझा पाय घसरला आणि गुडघा आपटला. हळद-मिठाचा लेप लावून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर गेले. चालून चालून मोकळा होईल असं वाटत होतं. पण सूज रोज थोडी वाढतच गेली. शेवटी शाळेचा जिना चढताना कठडा धरून उभी राहिले, ते वर जाता येईना की खाली उतरता येईना. तेव्हा नांदेडची गाडी धरली.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. रक्तातली साखर तपासली, तीही बरोबर होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सायनोव्हायटिस. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याला सूज आली की ते जास्तीचं पाणी सोडतं आणि गुडघा फुगतो.

"महिना-दीड महिना विश्रांती घेतली तर आपोआप उतरेल," ते म्हणाले.

मी त्यांना नाशिकचं सांगितलं. त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "पाणी काढून आत कॉर्टिझोनचं इंजेक्शन देता येईल. आपल्या शरीरातही असंच एक द्रव्य तयार होतं, त्याचंच हे औषध. सूज उतरवतं. पण गुडघा दुरुस्त करत नाही, हे लक्षात ठेवा. दुखणं थांबेल आणि तुम्हाला धावावंसं वाटेल. धावायचं नाही. उडी नाही, उकिडवं बसणं नाही, मांडी नाही. कबूल असेल तरच देतो."

"कबूल," मी म्हणाले. खरं तर घाबरले होते. सांध्यात सुई घेतली की पाय कायमचा आखडतो, असं आमच्याकडे सगळेच म्हणत.

बाहेर बाकावर कंधारच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी खांद्यात हीच सुई घेतली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "पयल्या दिशी लई ठणकलं गं माय. मग माझी येणी मीच घालाया लागले. भिऊ नको, पर डाक्टर सांगतेत तसं ऱ्हा."

आत बोलावल्यावर गुडघा औषधानं स्वच्छ पुसला, बधिर केला. मोठ्या सिरिंजमधून पाणी काढलं, करडीच्या तेलासारखं पिवळं. ते निघत असतानाच पायावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग त्याच जागी औषध सोडलं. मी छताकडे बघत होते. दाब जाणवला, फार दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गुडघा आधीपेक्षा जास्त ठणकू लागला. पाय टेकवेना. सासूबाई सारख्या माझ्या पायाकडे बघत होत्या; सुईनं पाय आखडला, हेच त्यांच्या मनात होतं. हे मार्केट यार्डात आडत दुकानावर कामाला होते. तिथल्या फोनवरून त्यांनी डॉक्टरांना गाठलं. ताप आहे का, गुडघा लालभडक झालाय का, असं डॉक्टरांनी विचारलं. दोन्ही नव्हतं. "मग थांबा. बर्फ लावा. औषधाचे बारीक कण कधीकधी सुरुवातीला टोचतात. ताप आला तर मात्र लगेच निघून या."

गोळेवाल्याकडून बर्फ आणला. तो दिवस मी पाय उशीवर ठेवून पडून काढला. सुमन भेटायला आली आणि दारातच उभी राहिली.

"बाई, जाणं व्हतंय का?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. त्याहून जास्त मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठणका निम्मा झाला. त्याच्या पुढच्या सकाळी मी उठून परसदारापर्यंत गेले आणि परत आले, आणि खाटेवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की भिंत धरायची राहून गेली.

नांदेडहून मनमाडपर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीनं गेलो. प्रवासात उकिडवं बसायची अडचण कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. गाडी थांबलेली असताना मी संडासात जायची, दांडी घट्ट धरून दुखरा पाय पुढे लांबवायची. दाराबाहेर एक मुलगी उभी असायची. लाजून पाणी पिणं कमी करू नका, मी सुरुवातीला केलं आणि डोकं धरून बसले.

नाशिकला गुडघा इतका शांत होता की आजारी आहे हेच विसरायला होई. तेच अवघड होतं. पहिल्या सामन्यात आमची एक मुलगी खांबाजवळ पुन्हा पुन्हा सापडत होती. कसं वळायचं ते मला उठून दाखवायचं होतं. मी खुर्चीचे हात धरून बसले आणि मध्यंतरात सुमनला म्हणाले, "मला दाखवता येणार नाही. तू दाखव तिला."

सुमननं दाखवलं, तेही माझ्यासारखं नव्हे. तिनं कंबर खाली घेतली, हात लांब ठेवला. मला त्या वयातही तसं वळता आलं नसतं. तो सामना आम्ही जिंकला. पुढच्यात पुण्याच्या मुलींनी आम्हाला पार दमवलं आणि आम्ही हरलो. हरल्यावर आमच्या मुली रडल्या, मग पोटभर जेवल्या.

परत आल्यावर डॉक्टरांनी व्यायाम दिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडीचा स्नायू आवळायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा. कंटाळवाणं काम. पुढे मे महिन्यात पुन्हा थोडी सूज आली, तेव्हा मी दुसऱ्या सुईचं विचारलं. ते म्हणाले, "इतक्यात नको. व्यायाम वाढवा." त्यांचं ऐकलं आणि पावसाळा संपेपर्यंत जिना चढायला लागले.

ज्यांना प्रवासाआधी ही सुई घ्यायची वेळ येईल, त्यांना एवढंच सांगते. भिऊ नका. साखरेचा आजार असेल तर आधी सांगा, कारण या औषधानं साखर वाढते. आणि दुखणं कधी थांबेल हे विचारून झालं की दुखणं थांबल्यावर काय करायचं नाही, हेही विचारा.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकूनच शिकवलं. मुली एकमेकींना दाखवायच्या. माझ्या धावण्याच्या वर्षांपेक्षा या वर्षांत त्या जास्त चांगल्या खेळल्या. याबद्दल त्या डॉक्टरांचे आभार मानायला मी एकदा नांदेडला गेले होते. त्यांनी आधी गुडघा दाबून पाहिला, मग बसायला सांगितलं.