इथपासून इथपर्यंत

राग आला की मी बोलत सुटते, हे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी गप्प बसून पेपर तपासत होते, तेव्हा शेजारच्या बाई घाबरल्या. "बरं नाही का तुम्हाला?" म्हणाल्या. बरं कसं असेल! नववीचे मराठीचे पेपर होते, घटक चाचणीचे. धड्यात एक म्हातारी आहे. दुष्काळात दारी आलेल्या वाटसरूला ती आपली भाकरी देते. प्रश्न होता, 'म्हातारीचा स्वभाव तुमच्या शब्दांत लिहा', चार गुणांचा. आणि पोरांनी लिहिलं होतं, 'म्हातारी प्रेमळ, दयाळू व त्यागी होती.' पुढच्या पेपरात तेच, त्याच्या पुढच्यात तेच, शब्दांचा क्रमसुद्धा तोच. तुमच्या शब्दांत म्हणे!

आता हे शब्द आले कुठून, तेही सांगते. मीच दिले होते.

आमच्याकडे धडा झाला की स्वाध्याय घेतात. बाई प्रश्न वाचतात आणि सांगतात, "पान अठरा, तिसरी ओळ. इथपासून इथपर्यंत कंस करा." पोरं पेन्सिलीने कंस करतात, समासात प्रश्नाचा आकडा टाकतात, झालं उत्तर. पुस्तक धाकट्या भावंडाकडे किंवा शेजारच्या पोरीकडे जातं ते कंसासकट जातं. म्हणजे धडा वाचायच्या आधी त्याची उत्तरं हजर. स्वभावाच्या प्रश्नाला कंस करायला जागा नसते, म्हणून तिथे बाई तीन शब्द फळ्यावर लिहून देतात. गेली कित्येक वर्षं माळवलीजवळच्या या शाळेत मी हेच करत आले आहे आणि वर पोरांच्या नावाने बोटं मोडत आले आहे.

मी पाचवीला शिकवलंय पूर्वी. पाचवीची पोरं जीव खातात. गोष्टीतला कावळा खोटं बोलला की विचारतात, "पण बाई, का बोलला? त्याला भूक होती का?" एक जण म्हणतं भूक होती, दुसरं म्हणतं नव्हती, मग दोघं पुस्तक उघडून भांडतात. सातवीत हीच पोरं विचारतात, "बाई, उत्तर कुठपर्यंत?" नववीत तेही विचारत नाहीत, पेन्सिल हातात धरून बसतात. पोर एकेक इयत्ता चढतं आणि त्याचं वाचणं एकेक पायरी उतरतं. याला आम्ही प्रगती म्हणतो, आणि प्रगतिपुस्तकावर सह्या ठोकतो!

सगळे पेपर सारखे म्हटलं, पण एक नव्हता. भाजे गावाहून येणारी मुलगी, मागून दुसऱ्या बाकावरची, वर्गात तोंड न उघडणारी. तिने लिहिलं होतं, 'म्हातारी हुशार होती. तिने वाटसरूला आधी दोन तांबे पाणी पाजलं आणि मग भाकरी दिली. पाणी प्यायल्यावर माणूस कमी खातो. तिला त्याला उपाशी पाठवायचं नव्हतं आणि स्वतःही उपाशी राहायचं नव्हतं.' मी फराटा मारला. समासात लाल शाईने लिहिलं, 'धड्यात नाही', आणि दिला भोपळा. राग होता सगळ्या वर्गावर, निघाला तो नेमका हिच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पेपर परत दिले तेव्हा तिने तो नीट वाचला, चार घड्या घातल्या आणि दप्तरात टाकला. मीही विसरून गेले.

त्याच रविवारी पुण्याहून बहिणीकडची मंडळी लोणावळ्याला माझ्याकडे आली. त्यांना भाज्याचा धबधबा पाहायचा होता. पावसाळ्यातल्या रविवारी भाजे म्हणजे काय ते सांगायला नको. गाड्यांना गाड्या चिकटलेल्या. मंडळी वर गेली. माझे गुडघे नाही म्हणाले, म्हणून मी खालीच एका कणसाच्या टपरीपाशी टेकले, आणि पाहते तर निखाऱ्यांना वारा घालत बसलेली ही मुलगी. तिच्या आईने पदराने बाकडं पुसलं. "बसा बाई. आमची पोरगी सांगती तुमचं नाव."

काय सांगत असेल देव जाणे. मी बसले. समोर एक गाडी थांबली, एक जोडपं उतरलं. मुलगी कणीस फिरवता फिरवता हळूच म्हणाली, "बाई, त्या दोघांचं भांडन झालंय."

"कशावरून गं?" वर्गातला प्रश्न तोंडातून आपोआप निघाला.

"तिनं दार आपटलं. तो तिची पर्स घिऊन मागं मागं चाललाय, पन ती वळून बघंना. आता बघा, तो तिला न इचारता दोन कनसं घेईल."

घेतली. दुसरं कणीस त्याच्या हातातच राहिलं. मला हसू फुटलं. मग पांढरे बूट घातलेले एक आजोबा आले, मागे सगळं खटलं. "हे लय घासाघीस करनार," ती म्हणाली.

"हे कशावरून?"

"डोंगर बघायच्या आदी त्यांनी भावाची पाटी वाचली."

आजोबांनी एक अक्षर न बोलता सगळ्यांसाठी कणसं घेतली. मी म्हटलं, फसलीस की नाही! ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. "चुकलं माझं," म्हणाली. "पाटी ते नातवाला वाचून दावत हुते. बोट धरलं हुतं त्याचं. ते मी बघितलंच न्हाई."

अगं माझे बाई! पाहायचं, अंदाज बांधायचा, पुरावा द्यायचा, आणि चुकलं तर परत जाऊन पाहायचं. हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. ही पोरगी ते निखाऱ्यांपुढे बसून करत होती, आणि माझ्या वर्गात तिला भोपळा!

"लय बोलती ती," आई म्हणाली. "साळंत बी बोलती का वं?"

मी म्हटलं, बोलते. खोटं बोलले.

घरी आले, पाहुण्यांना चहा टाकला आणि पुस्तक घेऊन बसले. म्हातारीचा धडा किती वर्षांत मी सलग वाचला नव्हता. माझ्याही पुस्तकात कंस आहेत ना, मी कंस ते कंस उड्या मारते. कंसाच्या बाहेर, अगदी दोन ओळी वर, लिहिलेलं होतं की तिने वाटसरूला दोन तांबे पाणी दिलं. कंसाच्या खाली लिहिलेलं होतं की उरलेली चतकोर तिने फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवली. धड्यात नाही म्हणे! सगळं धड्यात होतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. हात उगारावा तर समोर कोणी नव्हतं.

सोमवारी मुख्याध्यापकांकडे गेले. गुण बदलायचे म्हटल्यावर ते म्हणाले, "बाई, तक्ता भरून झालाय. आणि नमुना उत्तरात हे कुठाय? उद्या बोर्डात तपासणारा असलं वाचत बसणार आहे का? पोरांना नको ती सवय लावू नका. निकाल तुमच्याच विषयाचा लागायचाय."

"सर, नववीच्या पोरीला वाचता येतंय, ही नको ती सवय?" माझा आवाज इतका चढला की शिपाई दारात येऊन उभा राहिला. "मी चुकीचं तपासलंय. मीच म्हणतेय. खोडा तो भोपळा!"

खोडला. चारपैकी चार केले. वर्गात गेले, तिच्याकडून तो पेपर मागून घेतला, तिचं उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, "ही बरोबर होती, मी चुकले. मला माफ कर गं. यापुढे सगळ्यांनी स्वतःला वाटेल ते लिहायचं, फक्त कशावरून वाटलं ते सांगायचं." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती माझ्याकडे बघत होती. तासाची दहा मिनिटं उरली होती आणि पोर्शन तर मागे पडलेला. घंटा व्हायच्या आत पुढच्या धड्याचा स्वाध्यायही उरकून टाकला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. घरी जाताना मी खुशीत होते. आता ही पोरगी लिहिणार, असं मला अगदी नक्की वाटत होतं. नाहीतर तिच्या डोळ्यांतलं ते बघणं दहावीपर्यंत मरून गेलं असतं, आणि मारणारी मी असते.

सहामाहीत त्याच पुढच्या धड्यावर प्रश्न आला, वडिलांच्या स्वभावाचा. गठ्ठा तपासायला घेतला. 'वडील कष्टाळू, प्रामाणिक व स्वाभिमानी होते.' बरोबर, चार. पुढचा. बरोबर, चार. हात चालत होता. एका पेपरवर खूण करून गुण दिले आणि मग नाव पाहिलं. तिचं होतं.

असा संताप आला म्हणून सांगू! तिला व्हरांड्यात बोलावलं आणि पेपर पुढे धरला. "हे काय आहे? तुला खरंच असं वाटतं?"

"न्हाई."

"मग काय वाटतं?"

"त्यो बाप भितरा वाटला मला. सावकार आला की त्यो पोराला फुडं करतो."

"मग हे लिहायला काय झालं होतं? मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, स्वतःचं लिहा म्हणून?"

"सांगितलं हुतं. पन तुमाला ते नको असतं, बाई."

"कोण म्हणतं नको असतं?" मी ओरडलेच. "कशावरून म्हणतेस तू हे?"

ती घाबरली नाही. कणीस फिरवताना बोलत होती त्याच आवाजात म्हणाली, "माफी मागितली, त्याच तासाला तुमी ह्या धड्याला कंस करायला लावले. तीन शब्द फळ्यावर लिव्हले. धडा तर तवा शिकवला बी नव्हता."

माझ्या हातात तिचा पेपर होता, आणि त्यावर माझ्याच लाल शाईत चारपैकी चार होते.