शेवटच्या पेटीला दिलेला धूर

आमच्या ह्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात उमर घालवली आणि उतारवयात मधमाश्यांचं खूळ डोक्यात घेतलं. दुकान विकून गच्चीवर पेट्या मांडल्या. मी भांडले, अबोला धरला, शेवटी मीच पेट्या पुसायला लागले. माणूस गुणी. फक्त हातावर हात ठेवून बसणं त्यांना जन्मात जमलं नाही. काही बिघडलेलं दिसलं की बोटं शिवशिवलीच.

यंदा गांधीलमाश्यांनी उच्छाद मांडला. एकेक पेटी ओस पडली. ह्यांनी पेट्यांची दारं अरुंद करायला लाकडी पट्ट्या ठोकल्या, मेल्यांनी त्याही कुरतडल्या. उरली एकच पेटी. नव्यानं सुरुवात करायला ना वय उरलंय ना उमेद. हे धड जेवेनात, झोपेनात. दिवसभर पेटीसमोर स्टूल टाकून बसायचे.

"हिची राणी चांगली आहे गं," म्हणायचे. "ही तगली तर पुन्हा सगळं उभं करीन."

त्या सकाळी एक गांधीलमाशी टेहळणीला आली. ती जिवंत परतली की सगळी टोळी घेऊन येते, हे मला ह्यांनीच शिकवलेलं. दारावरच्या माश्या मागे सरल्या. ती आत डोकावली मात्र, सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. डंख मारायचा नाही, नुसतं चहूकडून चिकटायचं, अंग थरथरवायचं आणि तिला उकाड्यानं मारायचं. माश्यांना सोसते ती धग तिला सोसत नाही. पण त्याला माश्या भरपूर लागतात, आणि आमच्याकडे उरल्या होत्या मूठभर.

"कमी पडतायत," हे म्हणाले. स्टुलावरून उठलेच.

"बसा गुमान. त्यांचं त्यांना करू द्या."

कुठलं बसतायत! तिला हुसकवायला धुराचा डबा पेटवलासुद्धा. धुरात माश्यांना एकमेकींची हाक कळत नाही, लढणं सोडून त्या मध प्यायला आत पळतात, हे मला शंभरदा बजावणारा माणूस स्वतःच भसाभस धूर सोडत होता. मी मनगट धरेपर्यंत माश्यांचा गोळा फुटला होता. ह्यांच्या डोळ्यांत धूर गेला, ते चाचपडत राहिले. मी चप्पल काढेपर्यंत गांधीलमाशी धडपडत कठड्यापलीकडे गेली.

दुपारी टोळी आली. आम्ही झाडूनं, टॉवेलनं, हाताला येईल त्यानं मारत सुटलो. हे रडत रडत मारत होते. ओठ सुजला, कान सुजला, तरी हटेनात. ऊन उतरल्यावर पेटी उघडली. आत राणीसुद्धा उरली नव्हती.

हे झाकण मांडीवर घेऊन खालीच बसले.

"खरं सांग," म्हणाले. "मी धूर दिला नसता, तर जमलं असतं त्यांना?"

गोळा फुटला तेव्हा मी अगदी जवळ होते. गांधीलमाशी पाय आकसून उताणी पडली होती, पंख हलत नव्हते. अजून जरासा वेळ मिळता तर मेलीच होती.

"छे हो, फारच कमी होत्या त्या," मी म्हटलं. "उठा, तोंड धुवा."