फांदी कुणी काढली

न्हिया रागीट आहे हे आमच्या डोंगरावर शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. सुंग न्हिया पाओ हे त्याचं पूर्ण नाव, सुंग हे कूळ. मी वांग कुळातला. पण आमच्या दोन घरांत एकच दगडी गडगा आहे, आणि त्या गडग्यावरून त्याची आई आणि माझी बायको जन्मभर भांडत आल्या आणि मीठही मागत आल्या. त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायला मी अगदीच चुकीचा माणूस नसेन.

लहानपणी त्याने माती वाहिली. आमच्याकडे शेत म्हणजे खडक. खडकांच्या खोबणीत टोपलीने माती आणून टाकायची, त्या मूठभर मातीत मक्याचे दाणे टोचायचे. पावसाने माती वाहून नेली की पुन्हा टोपली. तेव्हापासून हा पावसावर ओरडतो. "माझी माती परत दे!" असं आभाळाकडे बघून दरडावणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

पुढे रस्ता रुंद झाला. देशाच्या सीमेच्या कडेकडेने मोटारसायकलवरून फिरायला लांबलांबचे हौशी लोक येऊ लागले आणि न्हिया एका कंपनीत लागला. ज्यांना घाटात गाडी चालवायची भीती वाटते, त्यांना मागे बसवून न्यायचं. चालवतो चांगला, तोंडाने वाईट. एकदा एका पाहुण्याने चालत्या गाडीवरून पोरांच्या घोळक्यात गोळ्या उधळल्या. पोरं रस्त्यावर लोळत भांडायला लागली आणि हा बाबा त्यांचे फोटो काढत बसला. न्हियाने गाडी थांबवली, त्याला खाली उतरवलं आणि म्हणाला, "आता तू उचल." शेवटची गोळी उचलून होईपर्यंत गाडी सुरू केली नाही. कंपनीने त्याला काही दिवस घरी बसवलं. "बसेन," म्हणाला आणि बसला.

त्याच कंपनीत तुआ आहे. पलीकडच्या खोऱ्यातला, तोही सुंग. आमच्यात एक कूळ म्हटलं की भाऊच. आजोबा-पणजोबा कुणी शोधत बसत नाही. न्हिया त्याला 'धाकटा' म्हणायचा. चिखलात गाडी कशी घालायची, उतारावर ब्रेक किती दाबायचा, हे त्यानेच शिकवलं. पण तुआ निराळ्या मातीचा. गोड बोलणारा, हसरा. लवकरच तो पाहुण्यांच्या गटाच्या पुढे चालणारा झाला आणि न्हिया मागे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी न्हियाच्या बायकोला, सुआला, मुलगी झाली. न्हियाने दाराला हिरवी फांदी टांगली. बाळंतिणीच्या घराला महिनाभर फांदी असते. ती दिसली की परका माणूस आत येत नाही, आणि बूट घालून तर नाहीच नाही. परका येऊन तसाच निघून गेला, तर आईचं दूध त्याच्या पायांबरोबर जातं.

मका कमरेएवढा झाला होता. न्हिया सुआसाठी कोंबडी आणायला बाजाराला गेला होता, त्याची आई शेतात आणि मीही शेतात. वरच्या रस्त्यावर पाच-सहा गाड्या थांबलेल्या मला दिसल्या. मला वाटलं, दरीचे फोटो काढताहेत. तसे रोजच काढतात.

संध्याकाळी न्हिया आला तेव्हा फांदी दारात जमिनीवर पडली होती, वरून तुडवलेली.

"कोण आलं होतं?" तो सुआवर ओरडला.

"आपला तुआ होता. त्याच्याबरोबर एक बाई. गोरी, वयस्कर, हिरव्या हेल्मेटची. बुटांसकट खाटेपर्यंत आली. बाळाकडे बघून रडलीसुद्धा."

"रडली? आपल्या घरात येऊन? तिचं कोण मेलं होतं?"

दुसऱ्या दिवशी दूध कमी झालं. तिसऱ्या दिवशी आटलं. मुलगी ओढायची, तोंडात काही यायचं नाही, मग रडायची. रडून रडून तिचा आवाजही बसला. खालच्या गावातली परिचारिका पावडरीचा डबा देऊन गेली. पोरगी ते बरंचसं ओकून टाकायची. न्हियाच्या आईने एकच सांगितलं, "जी घेऊन गेली, तिने परत आणून द्यावं. तिने या चुलीपाशी बसावं, आपल्या हाताने पेज शिजवावी, सुआला भरवावी. दुसरा उपाय मला माहीत नाही."

न्हियाने तुआला फोन लावला. लागला, पण उचलला नाही. पुन्हा लावला.

"घाटात असेल," न्हिया म्हणाला. "धाकटा माझा फोन उचलणार नाही असं होणार नाही."



न्हियाच्या म्हाताऱ्या आईने मला गडग्यापाशी बोलावलं. "तू याच्या मागे बस. मागे वजन असलं की हा गाडी जपून चालवतो, आणि हातही जपून उचलतो." माझी कंबर गाडीवर बसण्यासारखी राहिलेली नाही, हे तिला माहीत होतं. तरी बसलो.

तो गट आमच्या जिल्ह्यातून पूर्वेकडे, सीमेला धरून पुढच्या प्रांतात जाणार होता. ते आमच्या तीन दिवस पुढे. मात्र ते थांबत, जेवत, फोटो काढत जाणार आणि आम्ही न थांबता. न्हिया रस्त्याला शिव्या घालत चालवत होता. नदीकडे उतरताना अर्धा डोंगर खाली आलेला होता, आणि यंत्र दरड उपसत होतं.

"किती वेळ?" न्हियाने विचारलं.

"जेवून या," यंत्रवाला म्हणाला.

"माझी पोरगी जेवली नाहीये आणि मी जेवून येऊ?"

यंत्रवाला काय ते समजला नाही, पण त्याने यंत्र बाजूला घेतलं. आम्ही ढिगाऱ्यावरून गेलो. मी डोळे मिटून घेतले होते. गाडी दोनदा सरकली आणि दोन्ही वेळा न्हिया रस्त्यालाच ओरडला, "हलू नकोस!"

पेट्रोलच्या टपरीवर तो एकच विचारायचा, "हिरव्या हेल्मेटची बाई?" कुणी म्हणायचं काल गेली, कुणी म्हणायचं परवा. एका टपरीवाल्याने थट्टा केली, "काय रे, बायको पळाली का?" न्हिया गाडीवरून उतरायला लागला. मी मागून त्याचं जाकीट घट्ट धरलं. कंपनीचं नाव लिहिलेलं जाकीट होतं ते. तेव्हाच मला वाटलं, हे जाकीट घालून आपण कुणाला पकडायला चाललोय?

पाऊस आला, थांबला, पुन्हा आला. पलीकडच्या डोंगरावर सीमेचं कुंपण चकाकत होतं. काही ठिकाणी ते इतकं जवळ येतं की पलीकडच्या बाईने वाळत घातलेले कपडे मोजता येतात. मध्येच एका वळणावर न्हिया पुढे बघतच बोलला, "काका, पूर्वी लोक आमच्या फांदीला घाबरायचे. सैन्याचे लोकसुद्धा बाहेरून हाक मारायचे. मी स्वतः किती जणांना दारातून परत फिरवलं! आणि माझ्याच घरात!"

"बाईला माहीत नसेल रे."

"मग फांदी कुणाच्या हाताने पडली? वाऱ्याने?"

दुसऱ्या दिवशी दुपारी एका छोट्या गावात त्या गाड्या दिसल्या. ओळीने लावलेल्या, आरशावर हिरवं हेल्मेट. गट फो, म्हणजे रश्शातल्या शेवया, खात बसला होता. तुआ आम्हाला बघून उठला, हसला. "दादा! तू इकडे? आणि म्हातारबाबांना कुठे फिरवतोस?"

"फोन का उचलला नाहीस?"

"रेंज नव्हती ना."

न्हियाने ते ऐकून सोडून दिलं. त्याचं लक्ष त्या बाईकडे होतं. साठीची असेल, केस कापलेले, कपाळ उन्हाने लाल. न्हिया तुआला म्हणाला, "हिला सांग, ही माझ्या घरात शिरली. बायकोचं दूध गेलंय. हिला माझ्याबरोबर परत यावं लागेल. आज. आत्ता."

तुआ बाईकडे वळून हसत हसत इंग्रजीत काहीतरी बोलला. बाई आनंदाने उठली, मोबाइल काढला आणि न्हियाच्या शेजारी येऊन उभी राहिली. फोटोसाठी.

इतकी वर्षं पाहुण्यांना मागे बसवून फिरताना न्हियाच्या कानावर किती इंग्रजी पडलंय, हे तुआच्या ध्यानात राहिलं नसावं.

"मी हिच्याबरोबर फोटो काढायला दोन दिवस गाडी हाणली?" न्हिया इतक्या हळू बोलला की मलाच भीती वाटली. मग तो बाईकडे वळला आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत एकेक शब्द जमिनीवर आपटत गेला. "तुम्ही. माझं घर. बूट. बाळ लहान. आई दूध नाही. तुम्ही येणं. माझ्याबरोबर."

बाईचा हात खाली आला. तिने तुआकडे बघितलं, मग न्हियाकडे. ती भराभर बोलायला लागली. मला काही कळत नव्हतं. न्हियाला अर्धंच कळत होतं; तेवढं तो मला सांगत होता. ही म्हणते, फांदी मी काढली नाही. ही म्हणते, मी विचारलं होतं, ही कशासाठी आहे? तो म्हणाला, सजावट. तो म्हणाला, हे माझ्या भावाचं घर आहे, या. आधी तोच आत गेला. त्याने चुलीवर सिगरेट पेटवली.

"तू काढलीस," न्हिया तुआला म्हणाला.

"दादा, रागावू नकोस. लोक एवढ्या लांबून येतात, त्यांना खरं घर बघायचं असतं. आणि मी काय परका आहे? मी सुंग आहे. माझ्या पायाने काय होणार? ती येऊन चूक झाली असेल तर ने तिला, बिचारी येईल."

खरं तर इथेच तो तुआला मारणार असं मला वाटलं होतं. पण तो कसला तरी विचार करत होता. मग त्याने विचारलं, "तुझा बाप गेला, तेव्हा बैलाचं मांस किती वाडग्यांत मांडलं होतं?"

तुआ हसला. "हे आता काय मध्येच? नऊ."

"आमच्याकडे पाच मांडतात."

ज्यांना हे माहीत नाही त्यांना या दोन आकड्यांत काही वाटणार नाही. पण एका कुळाचे असूनही ज्यांचे वाडगे वेगळे, त्यांचे पूर्वज वेगळे. त्यांनी एकमेकांच्या घरात मरायचं नसतं की बाळंत व्हायचं नसतं. एकमेकांच्या घरातले भूत-देव त्यांना ओळखत नाहीत. तुआ त्या घराला परकाच होता. बाईपेक्षा आधी शिरलेला परका, म्हणजे दूध गेलं ते त्याच्याच पायांबरोबर. आणि दोघांनी कधी एकमेकांना विचारलंच नव्हतं.

तुआच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यालाही दोन मुलं आहेत. "खरंच आटलंय?" त्याने विचारलं.

"मी मजेत आलोय का इथवर?"

"उद्या गट मोठ्या धबधब्यापाशी पोचला की मी..."

"उद्या?"

"कंपनी मला काढून टाकेल, दादा. गट वाऱ्यावर सोडून येऊ कसा?"

"माझं घर वाऱ्यावर सोडताना कंपनीला विचारलं होतंस?" न्हियाने अंगातलं जाकीट काढलं आणि त्याच्या वाडग्याशेजारी टेबलावर आपटलं. रस्सा सांडला. "हे घे, देऊन टाक त्यांना. आणि मला दादा म्हणू नकोस. नऊवाल्यांचा मी कुणी नाही."

बाईला सगळं कळलं असेल असं मला वाटत नाही. ती टेबलावर बोट आपटून तुआला काहीतरी म्हणाली, मग दारातल्या रस्त्याकडे बोट दाखवलं. बाकीचे पाहुणेही काहीबाही बोलले. न्हियाने मला सांगितलं, "म्हणतात, आम्ही इथेच थांबतो, हा जाऊन येऊ दे." हे सांगतानाही तो रागावलेलाच होता. त्यांच्या चांगुलपणाचाही त्याला राग आला असावा. कुणी परवानगी मागितली होती त्यांच्याकडे?

परतताना न्हियाने तुआला पुढे घातलं. "पुढे राहा. तुझी पाठ मला दिसत राहायला हवी." वाटेत तुआ दोनदा थांबला, कंबर दुखते म्हणाला. न्हियाने माझ्याकडे हनुवटीने दाखवलं, "या म्हाताऱ्याची दुखत नाही, तुझी दुखते?" माझी तर मोडायला आली होती, पण त्या वेळी ते कसं सांगणार?

घरी म्हातारी दारात उभी होती. तुआने बूट बाहेर काढले. तिने त्याला चुलीपाशी बसवलं, तांदूळ दिला, पाणी दिलं आणि स्वतः बाजूला झाली. तुआने पेज शिजवली. धुरात त्याचे डोळे वाहत होते. धुरानेच, असं तो म्हणाला. मग त्याने चमच्याने सुआला भरवली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "नेलेलं परत करतो, वहिनी." सुआ त्याच्याकडे न बघता खात होती. न्हिया दाराला पाठ लावून उभा होता, हाताची घडी घालून, जणू हा मध्येच पळून जाईल.

म्हातारीने त्याला गोठ्यावरच्या माळ्यावर झोपायला सांगितलं. घरात नाही.

पहाटे मुलगी रडली, मग गप्प झाली. गप्प झाली म्हणून मी घाबरून गडग्यापाशी गेलो. आतून चुटूचुटू आवाज येत होता. परिचारिका नंतर म्हणाली, बाळंतिणीची काळजी गेली, ती झोपली, जेवली, म्हणून आलं. असेलही.

न्हिया अंगणात आला. मला वाटलं, आता तरी हा हसेल. तो गडग्यावर बसला आणि म्हणाला, "काका, एवढी वर्षं याला धाकटा म्हटलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तोंड नव्हतं का मला?"

तेवढ्यात माळ्यावरून तुआचा आवाज आला. "दादा... आलं का?"

न्हियाने माळ्याकडे पाठ फिरवली. आतून म्हातारी ओरडली, "आलं रे, आलं! पितेय पोरगी! जा आता तुझ्या लोकांकडे!"

न्हिया ताडकन उठला. "आई, त्याला कशाला सांगितलंस? दुपारपर्यंत टांगणीला लावून ठेवायचा होता मला!"