न हुंगलेली फुलं

देवांची बाजू घेऊन माणसांशी, गुरांशी आणि मधमाश्यांशी भांडणारा अख्ख्या रत्नागिरीत एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे आपण सगळेच ऐकून असतो. आतोबांनी ते मनावर घेतलं होतं. मधमाशीने तोंड लावायच्या आत म्हणून ते जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या कळ्या आदल्या संध्याकाळीच खुडत आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत. त्यामुळे त्यांच्या आगरात फुलझाडं उदंड, पण झाडावर उमललेलं फूल कोणी पाहिलेलं नाही. आत्या हार गुंफायला बसली की हे समोर पाट मांडून तिच्या नाकावर लक्ष ठेवीत. एकदा तिला पडसं झालं, तेव्हा म्हणाले, "आज बिनघोर गुंफ हो." शेजाऱ्यांची गाय कुंपणावरून मान घालून तगरीपाशी फुसफुसली, तर आठ दिवस देवांना तगर मिळाली नाही. "गाय पवित्र खरी," ते म्हणाले, "पण नाक ते नाकच!"

देवरुखच्या पलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, सर्वांना खुली असलेली एक मोठी फुलबाग होती. तिथे जायचा हट्ट आत्याचा. जन्मात तिने केलेला हट्ट एवढाच. मला हळूच म्हणाली, "एक फूल झाडावर असताना हुंगायचंय रे मला. ह्यांना बोलू नकोस हो." मी नुकताच मास्तर झालो होतो. पहिल्याच सुट्टीत दोघांना सर्व्हिस मोटारीत घातलं.

बागेत शिरताच आतोबांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. गुलाब, शेवंती, डेलियाचे ताटवे डोंगराच्या उतरणीपर्यंत पसरलेले, आणि माणसं खुशाल वाकून वास घेतायत! स्वतःच्या नाकाला उपरणं लावून ते धावत सुटले. "अहो, दूर व्हा! कुठल्यातरी देवाच्या उपयोगी पडेल ते!" एका फौजदाराला तर त्यांनी दंड धरून मागे ओढलं. म्हातारा माळी मात्र खूश. म्हणाला, "काकानू, तुमी रोज येवा. माजं कोन आयकत नाय."

या धावपळीत आत्या मागे राहिली. वळून पाहतो तर ती एका गुलाबापाशी उकिडवी बसलेली, डोळे मिटलेले आणि नाक पाकळ्यांत. तेवढ्यात आतोबाही तिथे पोचले. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, तशी आत्याने डोळे उघडले. ती मुळीच दचकली नाही.

"अहो, तीस वर्षं हार करत्ये मी," ती म्हणाली. "हा असा असतो होय वास?"

आतोबांनी नाकावरचं उपरणं खाली घेतलं. बाहेर परतीच्या मोटारीचा भोंगा दोनदा वाजला.

"वाजू दे. तू बस," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी मातीतच बसले.

दुसऱ्या दिवशी पूजेला नुसती तुळस होती. मी विचारलं, "आतोबा, फुलं?"

"झाडावर आहेत. देव घेतील समजून. हिला काय हवं, ते मी कधी विचारलंच नाही रे."

आत्या त्यानंतर दोनच वर्षं होती. रोज सकाळी आगरभर फिरून ती पोटभर वास घेई, आणि देव तुळशीवर राहत. त्यांची तक्रार काही कानावर आली नाही. ती गेल्यावर मात्र त्या झाडांना हात लावायचं धैर्य आतोबांना शेवटपर्यंत झालं नाही.