पॅकिंग खात्यातली नमाज

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पॅकिंगला आम्ही तिघीच. रबरी वायसरच्या पुड्या बांधायच्या, खोकी भरायची. हात कामात आणि तोंड मोकळं, मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार? नव्वदच्या दशकातली ती वर्षं आठवली, की मी अजून एकटीच हसत बसते.

तिघी म्हणजे मी शकीला, वडूजची सुमन आणि वयानं मोठ्या कुलकर्णी काकू. काकूंचं सोवळं कडक, पण चौकशी दांडगी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "शकीला, तुमच्यात बायका मशिदीत का जात नाहीत गं?"

"आमच्याकडं घरीच पढायची पद्धत, काकू. पण मला लय वाटतं, एकदा तरी सगळ्या बायकांबरोबर रांगेत उभं राहून ईदची नमाज पढावी. माझ्या सासूबाई तर याच आशेवर म्हाताऱ्या झाल्या."

सुमन म्हणाली, "आमच्या गावात तरी मारुतीच्या गाभाऱ्यात बायकांस्नी कुठं सोडत्यात? आमी आपलं उंबऱ्याभायनंच हात जोडतो."

काकूंनी चष्मा पुसला. "म्हणजे तुमचंही तसंच आणि आमचंही. चला, खोकी भरा."

*

पहिला रमजान आला. माझा रोजा आहे कळल्यावर सुमननं दुसऱ्या दिवशी लवकर उठून साबुदाण्याची खिचडी केली आणि भर दुपारी डबा माझ्यापुढं ठेवला. "खावा भाबी, उपासाचीच हाय. शेंगदाण्याचं कूट भरपूर घातलंय."

"अगं, पाणीसुद्धा चालत नाही."

"पानी न्हाई? मग च्या तरी?"

काकू म्हणाल्या, "सुमन, उपास तिचा आहे. आपली मेजवानी असते."

डबा मी घरी नेला. संध्याकाळी रोजा खजुरानं सोडला आणि वर खिचडी खाल्ली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "उद्यापण आणेल का गं ती?"

*

कारखान्यात दुपारच्या नमाजसाठी जागा नव्हती. या दोघींनी साहेबांच्या मागं लागून खोक्यांच्या थप्पीमागचा कोपरा मोकळा करून घेतला. दुसऱ्या दिवशी मी वजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन आले, तर कोपरा लख्ख पुसलेला आणि त्यावर सुमननं काढलेली गुलाबी रांगोळी. कमळ, आणि त्यात चंद्रकोर!

"देवाची जागा म्हटल्यावर मोकळी कशी ठिवायची?" ती म्हणाली.

मला ती मोडवेना. चादर अलीकडं अंथरली, आणि सजद्यात वाकले तर कपाळ नेमकं कमळावर. घासून धुतलं तरी रंग काही जाईना. संध्याकाळी स्कूटरवर न्यायला आलेल्या नवऱ्यानं विचारलं, "कपाळाला काय लावलंस?"

"नमाज पढले."

बिचारा घर येईपर्यंत स्कूटरच्या आरशात माझं कपाळच बघत होता.

*

महिन्याच्या त्या दिवसांत आम्हाला रोजा नाही, नमाज नाही. रोजे मागाहून भरून काढायचे. पण हे मशीनवरच्या पुरुषांना कसं सांगणार? मी खोक्यांमागं लपून पाणी पीत होते, तेवढ्यात काकू आल्या. मी तांब्या लपवायला गेले.

"पी निवांत," एवढंच म्हणाल्या, आणि स्टूल ओढून कोपऱ्याच्या तोंडाशी माझ्याकडं पाठ करून बसल्या. साहेब आले, तर त्यांना सरळ सांगितलं, "तिकडं जाऊ नका. तिचं काम चाललंय." काकूंनी तरुणपणी दर महिन्याला चार दिवस बाजूला बसून काढले होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मला तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं. या दोघी मला भेटल्या, हे माझं नशीबच.

*

आणि मग ती ईद. ईदगाहाशेजारचं बेदाण्याचं गोदाम पहिल्यांदाच बायकांच्या नमाजसाठी मिळालं. इमामसाहेबांचा आवाज भोंग्यावरून तिथं येणार होता. बाकीची वडीलमंडळी कबूल झाली, फक्त रसूलचाचा अडून बसले. "बायकांनी घरी पढावी. मी येऊन बंद करीन," असं त्यांनी मोहल्लाभर सांगितलं होतं. त्यात निम्म्या बायकांच्या कडेवर पोरं. ती रडायला लागली, की चाचांना आयतंच निमित्त. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे बेटा. आपल्या नशिबात नाही ते."

मी हे पॅकिंगमध्ये बोलले. काकूंनी फक्त विचारलं, "किती वाजता यायचं?"

ईदच्या सकाळी दोघी गोदामाच्या दारात हजर. एकेक पोर आमच्या कडेवरून उतरवून घेतलं आणि आम्हाला आत पिटाळलं. सासूबाई माझ्याशेजारी रांगेत उभ्या राहिल्या. नमाज सुरू झाली, तेव्हा त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

बाहेर काय झालं ते सुमननं नंतर सांगितलं. चाचा मशिदीत लवकर होणारी पहिली नमाज उरकून तरातरा आले. "कुणाला विचारून बायका आत घेतल्या?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "आत नमाज चाललीय. तुमचं काय असेल ते झाल्यावर बोलू. तोवर जरा ह्याला धरा, माझा हात भरून आलाय." आणि खांद्यावरचं रडणारं पोर त्यांच्या हातात दिलं.

नमाज झाली, दुआ झाली. सासूबाई रडत-हसत दिसेल तिच्या गळ्यात पडत होत्या. "ईद मुबारक, ईद मुबारक" करत आम्ही सगळ्या दाराशी आलो आणि जागच्या जागी थबकलो. समोर रसूलचाचा. पोर खांद्यावर घेऊन ते सावकाश डुलत उभे होते.

"आवाज नको," ते म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."