आम्रपालीचं डायव्हिंग कार्ड

चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत आम्रपाली बाहेरून आलेला माल तपासते. सप्लायरची माणसं तिला वचकून असतात. कोणी सर्टिफिकेट पुढे केलं की ती म्हणते, "कागद राहू द्या, पीस दाखवा," आणि मायक्रोमीटर काढते.

तीन वर्षांपूर्वी तिनं मालवणला चार दिवस राहून स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला. अठरा मीटर खोल उतरता येईल असं कार्ड मिळालं. थेरगावच्या घरी सासरे सयाजीरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे परदेशात चालतंय?"

"चालतं, बाबा."

"आपल्या लायसनवर तिकडं रिक्षा चालवू देत न्हाईत, आन् समुद्रात सोडत्यात व्हय?"

"हे आरटीओचं नाही ना. ज्या संस्थेनं दिलंय तिची माणसं जगभर आहेत."

सयाजीरावांना काही पटलं नाही.

यंदा ती नवऱ्याबरोबर, निरंजनबरोबर, थायलंडला गेली. बेटावरच्या डायव्हिंगच्या दुकानातल्या बाईनं कार्डाचा नंबर टाइप केला आणि स्क्रीनवर आम्रपालीचा फोटो आला. तिनं लगेच त्या स्क्रीनचा फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'चाललं.'

तेवढ्यात बाईनं विचारलं, "शेवटचं कधी उतरला होतात?"

"कोर्सच्या वेळी."

"कार्ड खरं आहे. पण आधी उथळ पाण्यात मला करून दाखवा, मग बोटीत बसा."

निरंजन शेजारी शहाळं पीत होता. "पीस दाखवा म्हणतायत," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

पाण्याखाली मास्क काढून परत लावायचा आणि आत शिरलेलं पाणी नाकानं फुंकून बाहेर काढायचं, अशी परीक्षा होती. पहिल्यांदा आम्रपालीनं फुंकायच्या ऐवजी ओढलं. ती खोकत वर आली तेव्हा निरंजन शूटिंग करत होता. दुसऱ्यांदा जमलं.

बाहेर येऊन तिनं बोटीवर न्यायचं सामान तपासायला घेतलं. टाकी जोडलेली नसतानाही हवेच्या गेजचा काटा शून्यावर येत नव्हता.

"हा मी घेणार नाही."

बाईनं काटा पाहिला, दुसरा गेज आणून दिला आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"हेच," आम्रपाली म्हणाली.

दुपारी ती अठरा मीटर खाली जाऊन कासव बघून आली. परतल्यावर तिनं निरंजनपुढे एक फॉर्म ठेवला. पहिल्यांदा उतरणाऱ्यांना कार्ड लागत नाही, फक्त आजारांची माहिती द्यावी लागते. ती तिनं त्याला न विचारताच भरली होती, सही तेवढी बाकी ठेवली होती. पोहता न येणाऱ्या निरंजननं तो फॉर्म दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वीस मिनिटं पाण्याखाली होता. आम्रपालीचा हात त्यानं एकदाही सोडला नाही.