फ्लेक्सवरचे चेहरे

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेली गाडी काट्यावर चढली की पडद्यावर मोठा आकडा येतो. तो मी नुसता लिहून ठेवतो, त्यावर विश्वास ठेवत नाही. ऊस उतरवून गाडी परत येते, रिकामी उभी राहते, ते वजन वजा होतं आणि मगच पावती फाटते. ही सवय घरीही सुटत नाही. त्यामुळे घरच्यांचं माझ्याशी फारसं पटत नाही.

मुलगी बारावी झाली. तिला जंतूंचा अभ्यास करायचा होता, हे आठवीपासून ठरलेलं. दोन जागा समोर होत्या. महामार्गालगतचं एक खासगी विद्यापीठ आणि सांगलीतलं एक जुनं कॉलेज. शनिवारपर्यंत एक निवडायचं होतं.

विद्यापीठानं पालकांचा मेळावा ठेवला होता. आत शिरताच मला फेटा बांधायला घेतला.

"अजून प्रवेश घेतलेला नाही. फेटा कशाबद्दल?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की काका, फोटो चांगला येतोय," बांधणारा म्हणाला.

मग दोन तास भाषणं, पडद्यावर काचेच्या इमारती आणि शेवटी गुलाबजाम. बायको आणि फौजेतून निवृत्त झालेला तिचा भाऊ, दोघंही भारावून परतले.

"दाजी, नाव बघा, नाव!" मेव्हणा म्हणाला. "पलटणीचं नाव सांगितलं की समोरचा उठून उभा ऱ्हातोय. शिकवणं काय, सगळीकडं सारखंच."

"अहो, आपल्या मलकापुरात कुणालाही विचारा," बायको म्हणाली. "त्या विद्यापीठाचं नाव माहीत नाही असा माणूस नाही."

मी खरंच विचारलं. गल्लीतल्या पाच घरांत. पाचही जणांना नाव माहीत होतं आणि पाचही जणांनी ते फ्लेक्सवर वाचलं होतं. आत शिकलेलं त्यांच्या ओळखीत कुणी नव्हतं.

म्हणून मंगळवारी मुलीला घेऊन न कळवता गेलो. मेळाव्याचा दिवस म्हणजे भरलेली गाडी. मला रिकामी बघायची होती.

विभागाच्या दारावरच्या पाटीवर चौदा प्राध्यापकांची नावं होती. मी खोल्या मोजत फिरलो. तिघं भेटले. त्यातल्या एकानं खालच्या आवाजात सांगितलं की पाटीवरचे काही जण याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातही आहेत, तिथल्या पाटीवरही त्यांची नावं आहेत. प्रयोगशाळेला कुलूप होतं. शिपायानं कुरकुरत उघडलं. सूक्ष्मदर्शकं रांगेनं मांडलेली, एकूणएक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

"ही वापरत नाहीत का?" मुलीनं विचारलं.

"तपासायला कमिटी आली की काढत्यात, ताई. ती गेली की परत गुंडाळायचं. ते काम माझ्याच डोक्यावर."

मुलीनं प्लास्टिकवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते तिनं ओढणीला पुसलं.

बाहेर गेटवर नोकरी लागलेल्यांचा फ्लेक्स होता. चाळीस चेहरे. मी मोजले तेव्हा अडतीस भरले. दोघं दोनदा होते, एकदा चष्मा लावून, एकदा चष्म्याशिवाय. एका चेहऱ्यापाशी मुलगी थांबली. तिच्याच शाळेतली, तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी मुलगी होती ती. संध्याकाळी नंबर मिळवून मी तिला फोन लावला.

"मी तिथं दुसऱ्या वर्षीच सोडलं, काका," ती म्हणाली. "पदवी पुण्याला घेतली, नोकरी तिथंच लागली. त्यांनी फोटो मागितला. आई खूश झाली, मग मी नाही म्हटलं नाही."

मला किळस आली. जेवताना मी आवाज चढवून बोललो. खोटी पाटी, गुंडाळलेली यंत्रं, दुसऱ्याच्या शिक्षणावर लावलेला आपला शिक्का. मुलांची चार वर्षं घेतात आणि बदल्यात गेटवर एक चेहरा टांगतात, असं म्हणालो.

"आता फ्लेक्सवर कोण फोटो लावत न्हाई, दाजी?" मेव्हणा म्हणाला. "तुमी सगळीकडं काटा घिऊनच फिरताय."

"माझापण लागलाय की," मुलगी म्हणाली.

मी भाकरी तशीच धरून बसलो. मलकापूरच्या चौकात एका क्लासचा फ्लेक्स होता, त्यावर वरच्या रांगेत आमची मुलगी. त्या क्लासला ती एकाच रविवारी गेली होती, फुकटची सराव परीक्षा द्यायला. निकाल लागल्यावर त्यांनी फोटो मागितला तो मीच पाठवला, कडा नीट कापून. सत्काराला मीच गेलो. शाल कपाटात आहे. फ्लेक्सखाली उभा राहून मेव्हण्याकडून फोटोही काढून घेतला. त्या दिवशी मी काहीही मोजलं नाही, कुणाला काही विचारलं नाही.

"तेव्हा का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदाच एवढे खूश दिसला होता, पप्पा."

गुरुवारी सांगलीला गेलो. तेही न कळवता. भिंतींचा रंग उडालेला, फाटकावर साधी पाटी. प्रयोगशाळेच्या दाराशीच आंबूस वास आला. टेबलावर जंतू वाढवायच्या काचेच्या बशा होत्या, प्रत्येकीवर पेननं तारीख लिहिलेली. सगळ्या त्याच आठवड्याच्या. पाटीवर सहा नावं होती, पाच जण भेटले. सहाव्या बाई तासावर होत्या, त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मुलगी एका सूक्ष्मदर्शकावर वाकली ती उठेना. शेवटी आमची एसटी चुकली.

शनिवारी अर्ज भरण्याआधी मी त्या क्लासमध्ये गेलो आणि फ्लेक्सवरचा मुलीचा फोटो उतरवा म्हणालो.

क्लासवाला हसला. "काका, आमच्या बाकावर बसून पेपर लिहून गेली ना? मग आमचीच की ती. अन् हंगाम संपला की फ्लेक्स उतरतोयच."

खाली आलो तर फ्लेक्ससमोर एक माणूस आपल्या मुलीला चेहरे दाखवत होता. माण तालुक्यातून आला होता, हातात कागदपत्रांची पिशवी. मी त्याला म्हणालो, "वरच्या रांगेतली तिसरी माझी मुलगी. इथं ती फक्त एक दिवस आली होती. इथं शिकलेली नाही."

त्यानं वर बघितलं, मग माझ्याकडं.

"पण मार्क तर पडल्यात न्हवं तिला?"

"पडलेत. पण ते यांच्यामुळं नाहीत."

"आवं, एका दिवसात एवढं झालं," तो म्हणाला, "तर वरीसभर बसवली तर काय हुईल!" आणि मुलीचा हात धरून जिना चढून गेला.

मी खाली उभा राहिलो. वर माझी मुलगी हसत होती, कडा मी कापलेल्या फोटोत.

घरी आलो. मुलगी मोबाइलवर अर्ज उघडून बसली होती.

"उतरवला?"

"नाही."

"मग भरू सांगलीचं?"

आतून बायको म्हणाली, "लोक विचारतील, सांगायला तरी काही हवं."

"भर," मी म्हणालो. "आणि फोटो मागितला कुणी, तर मी आधी तुला विचारीन."